लाउरा डालमायर: पंचविसाव्या वर्षी थांबलेली विजेती

२०२५ च्या जुलै महिन्याच्या शेवटी काराकोरम पर्वतातून एक बातमी आली. उर्दू बातम्यांत अशा वेळी 'कोहपैमा' हा शब्द येतो. कोह म्हणजे पर्वत आणि पैमा म्हणजे मोजणारा किंवा मोजणारी. पर्वत पावलांनी मोजत जाते ती कोहपैमा. फारसीतून आलेला हा शब्द मला 'गिर्यारोहक'पेक्षा नेहमीच जास्त जवळचा वाटतो. जर्मनीत मात्र त्याच बाईची ओळख निराळी होती. तिथं ती आधी बायथलॉनची ऑलिंपिक विजेती होती आणि मग बाकी सगळं. बायथलॉनला उर्दूत प्रतिशब्द नाही, मराठीतही नाही.

बाई एकच, लाउरा डालमायर. वय ३१. महिनाभरात तिला ३२ पूर्ण होणार होती.

तिच्या मृत्यूची बातमी आपल्यापर्यंत पोचली, तिचा खेळ पोचला नाही. त्यात कुणाचा दोष नाही, आपल्या मुलखात बर्फ नाही तर बर्फावरचा खेळ कुठून असणार? पण मी गेले काही महिने जमेल तसं तिच्याबद्दल वाचत आले, आणि माझं असं मत झालं आहे की तो खेळ समजून घेतल्याशिवाय तिनं शेवटी जे लिहून ठेवलं होतं त्याचं वजन कळत नाही. म्हणून आधी खेळाबद्दल लिहिते. ज्यांना घाई असेल त्यांनीही हा भाग गाळू नये.

बायथलॉन म्हणजे दोन खेळांचा एक खेळ. पायाला लांब, अरुंद स्की बांधून बर्फावरून चढ-उतारांच्या वाटेनं पळायचं, आणि मधेच थांबून रायफलीनं नेम मारायचा. रायफल पाठीवरच असते, किमान साडेतीन किलोची. नेमाचं अंतर ५० मीटर. समोर पाच काळी वर्तुळं. एकदा आडवं पडून मारायचं, एकदा उभं राहून. आडवं पडून मारताना गोळी ज्या वर्तुळात लागायला हवी ते ४५ मिलिमीटरचं असतं, म्हणजे जवळपास लिंबाएवढं. उभं राहून मारताना ते ११५ मिलिमीटरचं, छोट्या बशीएवढं.

कागदावर हे सोपं वाटतं. पण इतर नेमबाज शांत उभे राहून नेम धरतात, आणि ही खेळाडू चढ चढून आलेली असते. छातीत भाता चाललेला, मांड्या थरथरत असलेल्या, बोटं गारठलेली. जी सगळ्यात जोरात पळून येते तिचा हात सगळ्यात जास्त हलतो. म्हणून चांगली बायथलीट रेंज जवळ आली की मुद्दाम थोडी सैल पडते. श्वास खाली आणते. वाऱ्याचा झेंडा बघते, गरज असेल तर रायफलीवरचा नेम फिरवून घेते, श्वास अर्धा सोडून रोखते आणि मग ट्रिगर. ही सगळी कामं काही सेकंदांत. शेजारच्या बाईच्या गोळ्या धडाधड लागत असतात आणि आपण सावकाश राहायचं, हे शिकायला वर्षं जातात.

चुकलं तर शिक्षा लगेच तिथंच. बहुतेक शर्यतींत चुकलेल्या प्रत्येक नेमामागं १५० मीटरचा एक जादा फेरा मारावा लागतो, त्याला पेनल्टी लूप म्हणतात. १५ किलोमीटरच्या वैयक्तिक शर्यतीत फेरा नसतो, तिथं वेळेत सरळ एक मिनिट वाढतं. आणि एक मिनिट म्हणजे पदक गेलं असंच समजायचं. रिलेमध्ये मात्र माझ्या चुकीचा फेरा मी मारते आणि त्याची किंमत पुढच्या तिघी भरतात. मला या खेळातली ही गोष्ट फार विचार करायला लावते.

हा खेळ जन्मला सैनिकांत. स्वीडन-नॉर्वेच्या सरहद्दीवरच्या पहारेकऱ्यांनी १७६७ मध्ये आपसांत अशी शर्यत लावल्याची नोंद सांगितली जाते. १९२४ मध्ये फ्रान्समधल्या शामोनीच्या पहिल्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये सैनिकी गस्तीची शर्यत होती, आणि आजच्या रूपातलं बायथलॉन १९६० मध्ये ऑलिंपिकमध्ये आलं. अर्थात फक्त पुरुषांसाठी. बायकांची पहिली जागतिक स्पर्धा व्हायला १९८४ उजाडलं, आणि ऑलिंपिकचं दार त्यांना उघडलं १९९२ मध्ये, फ्रान्समधल्या आल्बेरव्हिलला. म्हणजे पुरुषांनंतर ३२ वर्षांनी. बायकांना पळता येईल, पण बंदूक घेऊन पळणं शोभेल का, अशा शंका सगळ्या समाजांत सारख्याच असतात बहुधा.

त्या १९९२ च्या ऑलिंपिकमध्ये १५ किलोमीटरची शर्यत जिंकली आन्त्ये मिझर्स्की हिनं. तिच्याबद्दल दोन ओळी लिहिल्याशिवाय पुढं जाववत नाही. ती पूर्व जर्मनीची. आधी ती नुसती स्की पळायची. तिचे वडील प्रशिक्षक होते. खेळाडूंना उत्तेजक औषधं देण्याच्या सरकारी पद्धतीला त्यांनी नकार दिला आणि त्यांची नोकरी गेली. मुलीनंही १९८५ मध्ये खेळ सोडला. पूर्व जर्मनीची ती व्यवस्था मोडायला लागली तेव्हा, १९८९ मध्ये, ती परत आली, या वेळी पाठीवर रायफल घेऊन, आणि तीन वर्षांत ऑलिंपिक विजेती झाली. जर्मनीतल्या बायकांच्या बायथलॉनची ही सुरुवात. ज्या परंपरेत लाउरा वाढली तिच्या पायथ्याशीच खेळ सोडून देण्याची एक गोष्ट आहे.

लाउराचा जन्म २२ ऑगस्ट १९९३ चा, म्हणजे आल्बेरव्हिलनंतर दीड वर्षानं. गाव गार्मिश-पार्टेनकिर्शेन, बव्हेरियाच्या दक्षिण टोकाला, आल्प्सच्या पायथ्याशी. १९३६ चं हिवाळी ऑलिंपिक याच गावात झालं होतं, आणि जर्मनीचं सगळ्यात उंच शिखर, २९६२ मीटरचं त्सुगश्पिट्से, गावाच्या डोक्यावरच उभं आहे. घर डोंगरवेड्यांचं. ती लहानपणीच स्कीवर उभी राहिली आणि कातळावरही चढायला लागली. त्यातलं स्कीचं आणि रायफलीचं काम तिला पगार देणारं ठरलं, कातळ मात्र तिचा स्वतःचा राहिला.

पगार हा शब्द मी सहज वापरलेला नाही. जर्मनीत हिवाळी खेळांचे बरेच खेळाडू सैन्यात, पोलिसांत किंवा कस्टम खात्यात नोकरीला असतात. खातं पगार देतं, खेळाडू सराव करतो. आपल्याकडं रेल्वे आणि पोलीस खातं खेळाडूंना घेतात तसंच. लाउरा कस्टम खात्याच्या स्की संघात होती. खेळ संपला तरी पोट चालेल, एवढी हमी त्या पद्धतीत होती. थांबण्याचं धाडस अशा जमिनीवर उभं राहतं, हे विसरायला नको.

२०१४ च्या सोची ऑलिंपिकला ती वीस वर्षांची होती. तिथून ती रिकाम्या हातानं परतली. त्याच उन्हाळ्यात चढाई करताना पडली आणि घोटा दुखावून घेतला, त्यामुळं पुढच्या हंगामाची सुरुवात हुकली. इथं बहुतेक प्रशिक्षक खेळाडूला सांगतील की आता डोंगर बंद. तिनं डोंगर सोडला नाही. फेब्रुवारी २०१५ मध्ये चेक प्रजासत्ताकातल्या नोवे म्येस्तोला तिनं विश्वचषक मालिकेतली पहिली वैयक्तिक शर्यत जिंकली, आणि पुढच्याच महिन्यात फिनलंडच्या कोंटिओलाहतीला जागतिक स्पर्धेत रिलेचं सुवर्ण आणि पाठलागाच्या शर्यतीत रौप्य.

२०१६ मध्ये ऑस्लोच्या जागतिक स्पर्धेत पाच शर्यतींत पाच पदकं, त्यात पाठलागाचं सुवर्ण. आणि मग आलं २०१७.

ऑस्ट्रियातलं होखफिल्त्सेन हे लहानसं गाव. फेब्रुवारीतली जागतिक स्पर्धा. लाउरा सहा शर्यतींत उतरली. मिश्र रिलेत सुवर्ण. स्प्रिंटमध्ये चेक प्रजासत्ताकाच्या गाब्रिएला कोउकालोवानं तिला काही सेकंदांनी मागं टाकलं, तिथं रौप्य. पाठलागात सुवर्ण, १५ किलोमीटरमध्ये सुवर्ण, बायकांच्या रिलेत सुवर्ण, सामूहिक प्रारंभाच्या शर्यतीत सुवर्ण. सहा शर्यती, पाच सुवर्ण, एक रौप्य. एकाच जागतिक स्पर्धेत पाच सुवर्णपदकं याआधी कुणी जिंकली नव्हती, पुरुषांतही नाही. ऑस्लोची पाच धरली तर सलग अकरा शर्यतींत अकरा पदकं झाली. अकरा दिवसांत सहा वेळा शरीर पिळून काढायचं आणि सहाही वेळा रेंजवर येऊन हात स्थिर ठेवायचा. क्रिकेटच्या भाषेत याची तुलना करायला मला उदाहरण सापडलं नाही, आणि शोधण्याचा फार प्रयत्नही मी केला नाही. त्याच हंगामात विश्वचषक मालिकेचं एकूण विजेतेपदही तिचंच.

ऑलिंपिक राहिलं होतं. ते २०१८ मध्ये दक्षिण कोरियात, प्योंगचँगला झालं. १० फेब्रुवारीच्या रात्री साडेसात किलोमीटरची स्प्रिंट होती. कडाक्याची थंडी आणि सारखा दिशा बदलणारा वारा. अशा वाऱ्यात नेम धरून थांबावं की मारून मोकळं व्हावं, हा निर्णय प्रत्येक गोळीला नव्यानं घ्यावा लागतो. लाउरानं दहापैकी दहा नेम मारले. नॉर्वेची मार्ते ओल्सबू तिच्यामागं २४.२ सेकंदांनी आली. त्या ऑलिंपिकमधलं जर्मनीचं हे पहिलं सुवर्ण.

दोन दिवसांनी पाठलाग. या शर्यतीत स्प्रिंटची विजेती आधी सुटते आणि बाकीच्या, स्प्रिंटमध्ये जितक्या मागं होत्या तितक्याच सेकंदांनी तिच्यामागं सुटतात. म्हणजे सगळ्या जगाला पाठीवर घेऊन पळायचं. १० किलोमीटर, चार वेळा रेंज, वीस गोळ्या. तिचा एकच नेम चुकला. स्लोव्हाकियाची अनास्तासिया कुझ्मिना दुसरी आली. एकाच ऑलिंपिकमध्ये स्प्रिंट आणि पाठलाग दोन्ही जिंकणारी ती पहिली बाई ठरली. १५ फेब्रुवारीला १५ किलोमीटरमध्ये तिसरं पदक, कांस्य. तिथं सुवर्ण स्वीडनच्या हान्ना ओबर्गला मिळालं.

वय २४. जिंकण्यासारखं जे होतं ते जिंकून झालं होतं.

पुढचा हंगाम आजारपणानं उशिरा सुरू झाला. तरी मार्च २०१९ मध्ये स्वीडनच्या ओस्टरसुंडला जागतिक स्पर्धेत तिनं दोन कांस्य मिळवली. एकूण हिशोब असा झाला: जागतिक स्पर्धांत १५ पदकं, त्यांपैकी ७ सुवर्ण, आणि ऑलिंपिकची ३, त्यांपैकी २ सुवर्ण. मे २०१९ मध्ये तिनं जाहीर केलं की आता बस. वय २५. कारण साधं सांगितलं: स्पर्धेच्या खेळासाठी जी पूर्ण ओढ लागते ती आता आपल्यात राहिलेली नाही. दुखापतीचं निमित्त नाही, कुणाशी भांडण नाही.

जर्मनीत हे अगदीच पहिल्यांदा घडलं असंही नाही. गार्मिशच्या जवळच वालगाऊ नावाचं गाव आहे. तिथली मागडालेना नॉयनर, १२ वेळा जागतिक विजेती, २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्ण, तीही कस्टम खात्यातलीच, २०१२ मध्ये अशीच पंचविसाव्या वर्षी थांबली होती. तेव्हा लाउरा अठरा वर्षांची होती. एकाच डोंगररांगेतल्या दोन मुली, दोघी शिखरावर असताना थांबल्या.

आता मी शिक्षिका म्हणून थोडं बोलते. उर्दू माध्यमाच्या वर्गांत गेली बरीच वर्षं मी उर्दू आणि मराठी शिकवते आहे. धावणाऱ्या, कबड्डी खेळणाऱ्या, लांब उडीत मुलांनाही मागं टाकणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. आठवी-नववीला त्यांचं मैदान सुटतं. कुणी रागावून सोडवतं असं नाही. घरात कुणाला तरी वाटतं, आता पुरे. बहुतेक वेळा मुलीला विचारलेलं नसतं. हे फक्त आपल्याच मोहल्ल्यात होतं असं समजणाऱ्यांनी जरा आजूबाजूच्या गावांतही पाहावं. तर या मुलींना मी लाउराची गोष्ट सांगितली तेव्हा त्यांना पाच सुवर्णपदकांचं फार नवल वाटलं नाही. एकीनं विचारलं, "मॅडम, तिला कुणी थांबवलं?" मी म्हटलं, कुणी नाही, ती स्वतः थांबली. यावर वर्गात जी शांतता पसरली तिचा अर्थ मी अजून लावते आहे. आपण थांबणं आणि आपल्याला थांबवलं जाणं, या दोन गोष्टींना मराठीत आणि उर्दूत जवळजवळ एकच क्रियापद पुरतं. रुकना आणि रोकी जाना, फरक एवढाच.

स्पर्धा सोडल्यावर ती रिकामी बसली नाही. म्युनिकमध्ये क्रीडाशास्त्राचं शिक्षण, टीव्हीवर बायथलॉनची जाणकार म्हणून काम. २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये तिचा तो स्प्रिंट-पाठलागाचा दुहेरी विक्रम पुन्हा एकदा घडला, आणि तो केला मार्ते ओल्सबूनं, जी चार वर्षांपूर्वी तिच्यामागं २४.२ सेकंदांनी आली होती. लग्नानंतर तिच्या नावाला रॉइसेलांड जोडलं गेलं होतं. तोवर लाउरा खेळाच्या दुसऱ्या बाजूला, कॅमेऱ्याजवळ होती.

पण खरा वेळ गेला डोंगरात. आल्प्समधल्या कठीण वाटा, पुढं नेपाळमधलं आमा दाबलाम. तिनं पर्वतमार्गदर्शकाची सरकारी परीक्षा दिली आणि ती पास झाली. जर्मन भाषक देशांत ही परीक्षा फार कडक असते. आणि गावच्या पर्वत बचाव पथकात ती स्वयंसेवक होती. दोराला लटकून जखमी माणसाला खाली आणणं, कधी मय्यत खाली आणणं, हे त्या पथकाचं काम. आपल्या सह्याद्रीत दरीत पडलेल्यांना वर काढणारी पोरं पाहिली असतील तर हे काम काय असतं ते सांगायला नको. कुणाला वाचवायला जाताना आपण किती जणांचा जीव पणाला लावतो, याचा हिशोब ही माणसं रोज करतात.

२०२५ च्या उन्हाळ्यात ती गिलगिट-बाल्टिस्तानात गेली. ८ जुलैला एका सहकारी बाईबरोबर ग्रेट ट्रँगो टॉवरवर पोचली. मग दोघी हुशे खोऱ्यात आल्या, लैला शिखरासाठी. लैला सहा हजार मीटरहून थोडंच उंच आहे, काराकोरमच्या मानानं ठेंगणं, पण भाल्याच्या पात्यासारखं टोकदार आणि देखणं. लैल म्हणजे रात्र. मजनूची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, अर्थ कमी जणांना. हुशे हे बाल्टी बोलणाऱ्या मुस्लिमांचं गाव. डोंगरात ओझी वाहणं हा तिथल्या घराघरातला धंदा. लिटल करीम या नावानं जगभरच्या गिर्यारोहकांत प्रसिद्ध झालेले मोहम्मद करीम याच गावचे, २०२२ मध्ये ते गेले.

२८ जुलैच्या दुपारी सुमारे ५७०० मीटरवर दरड कोसळली आणि दगड लाउराला लागले. सहकारी बाईनं लगेच मदतीसाठी संदेश पाठवला. दगड येतच होते, लाउरापर्यंत पोचणं शक्य झालं नाही, आणि शेवटी ती एकटीच खाली उतरली. दुसऱ्या दिवशी पाकिस्तानी सैन्याच्या हेलिकॉप्टरनं वरून पाहिलं, हालचाल नव्हती. जर्मनीचे थॉमस ह्यूबर आणि काही अमेरिकन गिर्यारोहक त्या भागात होते, ते मदतीला धावले होते. तिचा मृतदेह चालत जाऊन आणता येईल का याचाही विचार झाला.

तेव्हा तिच्या वसीयतीची गोष्ट पुढं आली. तिनं आधीच लिहून ठेवलं होतं की असं काही झालं तर तिला खाली आणण्यासाठी कुणीही आपला जीव धोक्यात घालू नये, तिला डोंगरातच राहू द्यावं. घरच्यांनी ते मानलं.

आपल्यातल्या अनेकांना हे ऐकून आत कुठंतरी खुपलं असेल. मलाही खुपलं. मय्यतीला गुस्ल, कफन, जनाज्याची नमाज आणि दफन, हे जिवंत माणसांवरचं देणं आहे. फर्ज-ए-किफाया. काही लोकांनी केलं तर सगळे सुटले, कुणीच नाही केलं तर सगळे गुन्हेगार. त्यात मुलीला परक्या मुलखात, उघड्यावर सोडायचं? ती आपल्या धर्माची नव्हती, तिला आपले नियम लागू नाहीत, हे खरं. पण मन नियम बघून खुपत नाही.

तरी आपल्याच फिक्हमध्ये दुसरी बाजूही आहे. जहाजावर कुणी वारला आणि किनारा लांब असेल तर गुस्ल, कफन, नमाज करून मय्यत समुद्राच्या हवाली करतात. जे जमतं ते करायचं, जे ताकदीबाहेर आहे त्याचं ओझं नाही. डोंगराचं उदाहरणही त्याच काराकोरममध्ये आहे. अली सदपारा फेब्रुवारी २०२१ मध्ये हिवाळ्यातल्या के-टूवर बेपत्ता झाले. जुलैत त्यांचा देह सापडला तेव्हा मुलगा साजिद वर गेला, बापाला खाली आणणं अशक्य होतं, म्हणून त्यानं वरच त्यांना सुरक्षित जागी ठेवलं, कुराण पढलं आणि खाली आला. त्या मुलाच्या ईमानावर शंका घ्यायची कुणाची छाती आहे?

माझ्या मते लाउराच्या वसीयतीतला सगळ्यात महत्त्वाचा शब्द 'कुणीही' हा आहे. युरोपातला नावाजलेला माणूस काराकोरममध्ये पडतो तेव्हा त्याला आणायला वर कोण जातं? सैन्याचे वैमानिक जातात. हुशेचे, सदपारा गावचे पुरुष जातात, ज्यांना त्या कामाचे पैसे मिळतात आणि ज्यांच्या घरात ते पैसे लागतात. प्रसिद्ध माणसाच्या देहासाठी पैसा उभा राहतो, दबाव येतो, आणि अशा वेळी 'नाही जात' म्हणणं गरिबाला परवडत नाही. बचाव पथकातल्या बाईला हे ठाऊक नसेल असं मी मानत नाही. रिलेत एकीच्या चुकीचा हिशोब चौघींनी भरायचा असतो. हा हिशोब आपल्यावरच संपावा, पुढच्याला देऊ नये, अशी तिनं सोय केली. वसीयत लिहिताना तिच्या मनात रिले होती की नाही हे मला सांगता येणार नाही. पण तिच्या हातानं दहा-बारा वर्षं तेच काम केलं होतं.

उलट बाजूही त्याच पर्वतात आहे. जुलै २०२३ मध्ये के-टूच्या 'बॉटलनेक' नावाच्या अवघड वाटेवर मोहम्मद हसन नावाचा पाकिस्तानी हमाल पडला, आणि त्याच्या बाजूनं अनेक गिर्यारोहक शिखराकडं जात राहिले. ते चित्रण जगानं पाहिलं, बरेच वाद झाले. तिथं ८२०० मीटरवर हेलिकॉप्टर जात नाही, हे मान्य. पण हसनला वसीयत लिहायला कुणी कागद दिला नव्हता. तो पैशांसाठी वर गेला होता आणि घरी त्याची वाट पाहणारे होते. एक वर्षानं, २०२४ च्या उन्हाळ्यात, पाकिस्तानी गिर्यारोहक नाईला कियानी यांच्या पुढाकारानं सदपारा गावच्या पाच जणांनी त्याचा देह खाली आणला आणि तो घरच्यांच्या हवाली झाला. एवढ्या उंचीवरून असं काम करणं म्हणजे काय, हे त्या पाच जणांनाच माहीत.

त्या पाचांत एक मुराद सदपारा होते. हसनला खाली आणल्यावर ते शेजारच्या ब्रॉड पीकवर एका पोर्तुगीज बाईबरोबर मार्गदर्शक म्हणून गेले. ऑगस्टमध्येच, उतरताना, वरून सुटलेला दगड त्यांना लागला आणि त्यातच ते वारले.

लैला शिखरावरची शोधमोहीम २९ जुलै २०२५ च्या संध्याकाळी थांबवली गेली. दुसऱ्या दिवशी तिच्या मृत्यूची घोषणा झाली. देह आणण्यासाठी कुणालाही वर पाठवायचं नाही असं ठरलं, आणि मदतीला आलेले सगळे आपापल्या पायांनी खाली परतले.